शहर पाठ आहे

पालथ्या झोपा, बाई, दगड गरम आहे.
वासाचं मनावर घेऊ नका,
आधी नासक्या अंड्यासारखा येतो,
मग येईनासा होतो.
या पाण्यापायी तर तिबिलिसी वसली,
म्हणजे तसं सांगतात:
राजाचा ससाणा आणि त्याची शिकार
दोन्ही झऱ्यात पडून शिजून निघाले,
आणि राजाला जेवणाऐवजी
राजधानी सुचली.

मी झुझुना. या हमामात एकतीस वर्षं.
हा खरखरीत हातमोजा, याला किसा म्हणतात.
दुखलं तर सांगा.

सकाळपासून कुठे कुठे फिरलात ते नका सांगू,
मला कळतं.
टाचेच्या भेगेत ही पिवळी माती नारिकला किल्ल्याची.
मनगटावर मेणाचा थेंब, म्हणजे सिओनीत
दिवा लावलात, देव आपला नसला तरी.
मान भाजलीय एकाच बाजूने:
मेतेखीच्या कड्यावर घोडेस्वार राजाखाली
बराच वेळ उभ्या होतात,
नवऱ्याला बटण सापडत नव्हतं.
आणि कोपराला निळा रंग.
त्या लाकडी सज्जावर लिहिलं होतं, 'रंग ओला आहे'.
आमच्या लिपीत.
तुम्हाला ती द्राक्षवेलीची नक्षी वाटली.

सगळे यादी घेऊन येतात.
किल्ला, देऊळ, पूल, आई.
टेकडीवरची ती उंच आई हो,
एका हातात वाइनचा वाडगा, दुसऱ्यात तलवार,
आलेला कोण ते बघून ठरवते.
माझ्याकडे साबण आणि किसा.
मी दोन्ही सगळ्यांनाच देते.

बघितलेलं नाही मी फारसं हे शहर,
पण पाठ आहे मला.
पाठींवरूनच पाठ झालं.

मेतेखीत माझे आजोबा होते.
प्रार्थनेला नव्हे, तेव्हा तिथे तुरुंग होता.
आजी नदीच्या अलीकडून
रोज संध्याकाळी कंदील हलवायची.
पलीकडून काही हललं का,
ते तिने मरेपर्यंत सांगितलं नाही.
तुम्ही फोटो काढलात तोच कडा.
छान येतो फोटो.

हात वर करा. असा.

सुक्या पुलावरच्या बाजारात चमचे घेतलेत ना?
घासाघीस केलीत का? करावी.
ज्या हिवाळ्यांत दिवे नव्हते
तेव्हा मीही तिथे चादर अंथरून बसायचे:
सासूचा समोवार,
आमच्या अंजोरची पोहण्यातली पदकं.
समोवार गेला. पदकं कोण घेणार?
सगळं शहर गारठलं होतं तेव्हा,
जमीन तेवढी गारठली नव्हती.
शेजारणी अंघोळीच्या नावाखाली
ऊब घ्यायला यायच्या, पोरांसकट,
आणि मालक तोंड फिरवून
कोरडेच टॉवेल पुन्हा वाळत घालायचा.
हे तुमच्या यादीत नसेल.
नसू दे, असायला इथे काही उभं नाही.

गेल्या वसंतात नातीने, नुत्साने,
मला ओढून पाळण्यात बसवलं, दोरावरच्या.
डोळे मिटूनच वर गेले.
वर ती आई, पाठमोरी. तिच्या पायाशी वारा.
"आजी, तू कुठे काम करतेस ते दाखव."
मी शोधत राहिले दरवाजा, पाटी, पायरी,
आणि वरून तर यातलं काहीच दिसत नव्हतं.
दिसले नुसते विटांचे घुमट, एकापाशी एक,
जमिनीतून वर आलेले, वाफ सोडणारे,
जणू दहा-बारा बायका
पालथ्या झोपून वाट बघताहेत.

नुत्सा म्हणाली, आजी, हाताला काय होतंय तुझ्या?

काही नाही. सवय.

आता श्वास धरा,
पाणी ओततेय.